न कोरलेलं साल

इंग्लंडला जाऊन आलो म्हटलं की अमरावतीत लोक आधी लंडनचं विचारतात. लंडन आम्ही एक दिवस पाहिलं. गर्दी होती, पाय दुखले, फोटो निघाले. त्याबद्दल माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे आमच्याच कॉलनीत चार जण आहेत. मी लिहितोय ते एका लहान खेड्यातल्या चर्चबद्दल आणि त्यात झोपलेल्या एका नवरा-बायकोबद्दल. त्यांना जाऊन सहाशे वर्षं झाली, पण आमच्या घरातला एक अडलेला प्रश्न त्यांच्यामुळे सुटला.

तो प्रश्न आधी सांगतो.

निघण्याआधी

आमचं शेत चांदूर बाजारच्या पुढं आहे, संत्र्याचा बगिचा आणि थोडी मोकळी जमीन. माझे वडील तिथेच राहतात. माय आमच्या निघण्याआधीच्या दिवाळीनंतर गेली. आमच्या भागात पुष्कळ घरांत माणसाला आपल्याच शेतात अग्नी देतात आणि वर्ष भरायच्या आत त्या जागेवर ओटा बांधतात. घरातलं कोणी त्या बाजूला गेलं की दोन फुलं ठेवतं, सणाला निवद दाखवतं. मायचा ओटा बांधायचं काम थोरला म्हणून माझ्याकडे आलं.

मी बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं करण्यात नोकरी घालवली आहे. तीन फूट बाय तीन फूट, उंची दीड फूट, वर काळा दगड, त्यावर नाव, असा नकाशा मी एका संध्याकाळी काढला. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खाली खोल मुरूम भरायचा हेही लिहिलं. बाबांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"काय कमी आहे का?" मी विचारलं.

"कमी काई नाई."

"मग मिस्त्रीला सांगू?"

"तू जाऊन ये पोरीकडे. मंग पाहू."

असं तीन वेळा झालं. माझा धाकटा भाऊ, जो शेत पाहतो, तो म्हणाला की म्हाताऱ्याला दगडाचा रंग पसंत नसेल. मी दुसऱ्या रंगाचे तुकडे नेऊन दाखवले. बाबा म्हणाले, "रंगाचं काई नाई." माझी बायको शोभा अकोल्याची. तिच्या माहेरी सगळी माणसं मनातलं तोंडावर बोलतात. तिचं म्हणणं, बाबांना काहीतरी मागायचं आहे आणि मागता येत नाही. पण काय, ते तिलाही कळेना. वर्ष भरायला मोजके महिने उरले होते, आणि मायच्या जागेवर नुसते चार धोंडे ठेवलेले. त्याच अवस्थेत आम्ही मे महिन्यात विमानात बसलो.

पोरीच्या घरी

आमची मुलगी प्राजक्ता आणि जावई ज्या खेड्यात राहतात ते एका टेकडीच्या उतारावर आहे. अकोल्याच्या उन्हात वाढलेली शोभा तिथे पोचल्या पोचल्या स्वेटर घालून बसली ती परत येईपर्यंत. मला मात्र हवा मानवली. सकाळी फिरायला निघायचो. शेताला काटेरी तार नाही, दाट झुडपांची कुंपणं. माती तांबूस, बोटांत घेतली तर भुसभुशीत. आपल्या मातीसारखी चपलेला धरून ठेवत नाही. मेंढ्या राखणाराशिवाय चरत होत्या. रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड, त्यामुळे जेवणाची वेळ चुकायची आणि शोभा म्हणायची, या देशात दिवस संपतच नाही तर भूक तरी कशी लागणार.

येताना आम्ही ज्वारीचं पीठ, मुगवड्या आणि शेवयांसारखे वळलेले सरगुंडे नेले होते. तिसऱ्या दिवशी शोभानं ठेचा करायला मिरच्या तव्यावर टाकल्या. धूर झाला की वाजणारा छताचा भोंगा एवढ्या जोरात ओरडायला लागला की मी गच्चीवर जायला जिना शोधत होतो. तिथे गच्ची नसते. शेजारच्या बाई धावत आल्या. मार्गारेट त्यांचं नाव, पंच्याहत्तरीच्या, उंच, बारीक. आग नाही हे पाहून त्यांनी खिडक्या उघडल्या, खुर्चीवर चढून भोंगा बंद केला आणि खोकत खोकत विचारलं की हे काय शिजतंय. शोभानं त्यांना ठेचा आणि भाकरीचा तुकडा दिला. त्यांनी खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरा घास घेतला. शोभाच्या नजरेत बाई पास झाल्या.

मार्गारेट गावच्या चर्चची देखभाल करायच्या. कुलूप उघडणं, फुलं मांडणं, पाहुण्यांना दाखवणं. त्यांनीच आम्हाला शनिवारी बोलावलं. प्राजक्ता वाटेत दोनदा म्हणाली, "आई, तिथे कशाला हात लावू नको हं. मी इथे नवीन आहे." शोभा म्हणाली, "मी काय लहान पोर आहे?"

चर्चच्या आवारात

चर्चभोवती गवत आणि गवतात थडगी, काही सरळ, काही दारू प्यायल्यासारखी कलंडलेली. आपल्याकडे काम नसताना कोणी मसणात पाऊल टाकत नाही. तिथे एक जोडपं थडग्यांच्या मधे बाकावर बसून डबा खात होतं. बाकाच्या पाठीवर एका बाईचं नाव कोरलेलं. प्राजक्तानं सांगितलं की त्या बाईला ही जागा आवडायची, म्हणून तिच्या नवऱ्यानं तिच्या आठवणीत बाक ठेवला. मी टेकलो. शोभा उभीच राहिली.

"मेलेल्या माणसाच्या नावावर कशी बसू मी?"

"बसायसाठीच ठेवलाय, आई."

"तुमी बसा. मले पाप लागते."

दारात आम्ही दोघांनी चपला काढल्या. मार्गारेट नको नको म्हणाल्या, दगड थंडगार आहे म्हणाल्या. पण सवय ती सवय. मोजे घालून आत गेलो.

ते दोघं डाव्या हाताला, एका कमानीखाली होते. कमरेएवढा उंच दगडी चौथरा आणि त्यावर शेजारी शेजारी उताण्या झोपलेल्या दोन मूर्ती. तो सरदार, अंगभर लोखंडी चिलखत कोरलेलं, पायाशी सिंह. ती त्याची बायको, डोक्यावर पदरासारखं वस्त्र, पायाशी दोन चिमुकली कुत्री, त्यांतलं एक तिच्या झग्याचं टोक तोंडात धरून ओढतंय. दोघांचे हात छातीवर जोडलेले, थेट आपला नमस्कार. दगड संगमरवर वाटतो पण नाही. अलाबास्टर म्हणतात त्याला. त्याहून मऊ, दिसायला थिजलेल्या तुपासारखा. सरदाराचं नाक तुटलेलं होतं आणि छातीवर कोण्या जुन्या काळच्या पोरांनी आपली आद्याक्षरं खरवडलेली होती. गाविलगडावर जे पाहून मी दरवेळी चिडतो तेच. इंग्लंडमधली पोरं तशीच निघाली याचं, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

पिशवीत टेप असतोच. मार्गारेटना विचारून मी मापं घेतली. त्यांना गंमत वाटली, एक टोक त्यांनीच धरलं. लांबी साडेसात फूट, रुंदी साडेचार. दोघांच्या मधे चार बोटं जागा.

शोभा तेवढ्यात बाईच्या डोक्याशी उभी होती. तिनं प्राजक्ताला विचारलं, "काय वं, आधी कोण गेलं? हा का ही?"

प्राजक्तानं बाजूची पाटी वाचली. बाई आधी गेली. सरदार त्यानंतर बरीच वर्षं जगला.

"म्हणजे अहेव गेली," शोभा म्हणाली.

मी टेप गुंडाळत होतो. प्राजक्ता पाटीवरचं पुढचं वाचत होती. मान वर केली तेव्हा त्या सहाशे वर्षांच्या कपाळावर लाल टिळा होता.

शोभाच्या पर्समध्ये कुंकवाची डबी असते. शेतात मायच्या धोंड्यांपाशी गेली की ती आधी दगडाला कुंकू लावते, कारण माय बाबांच्या आधी गेली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला सवाष्णीचा मान द्यायचा, हे तिच्या हाताला एवढं ठाऊक आहे की विचार करावा लागत नाही. हात लावू नको हे तिनं ऐकलं होतं. पण हा हात लावणं आहे असं तिला वाटलंच नाही.

प्राजक्ताचा चेहरा उतरला. मी खिशातून रुमाल काढला आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं. आयुष्य बांधकामात घालवून मी ते करणार होतो जे कोणत्याही मऊ दगडाला करू नये. मार्गारेट मोठ्यानं म्हणाल्या, "थांबा, पाणी नको, रंग आत मुरेल." त्या आतल्या खोलीत गेल्या. एक मऊ ब्रश घेऊन आल्या आणि वाकून, श्वास रोखून, कपाळावरचं कुंकू कोरडंच झाडायला लागल्या. शोभाचे डोळे भरले होते. ती मराठीतच त्यांची माफी मागत होती. प्राजक्ता इंग्रजीत मागत होती. मी इकडून तिकडे बघत होतो.

बहुतेक कुंकू निघालं. कपाळावर फिकट गुलाबी छटा राहिली. मार्गारेट म्हणाल्या की या थडग्याकडे पाहणारी तज्ज्ञ मंडळी आहेत, त्यांना हे कळवावं लागेल, लपवता येणार नाही. मी म्हणालो, जरूर कळवा, आमचं नाव आणि पत्ता घाला. मग त्यांनी आम्हाला बाईच्या उशीचा गोंडा दाखवला. त्याच्या खोबणीत लाल रंगाचा कण होता, मूळचा. एके काळी या मूर्ती रंगवलेल्या होत्या. ओठ लाल, झगा निळा. "तिला लाल रंग काही नवा नाही," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे प्राजक्ताच्या जिवात जीव आला.

मग त्यांनी विचारलं की हे नक्की कशाचं होतं. प्राजक्तानं समजावून सांगितलं. मार्गारेटनी सगळं ऐकून घेतलं. त्या स्वतः विधवा आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. बाहेरचा तो बाक त्यांच्या भावजयीचा, आणि त्यांचे यजमानही त्याच गवतात होते. त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "आणि जो मागं राहतो, त्याच्यासाठी तुम्ही काय करता?"

प्राजक्तानं आईकडे पाहिलं. शोभानं कुंकवाची डबी पर्समध्ये टाकली. आमच्याकडे मागं राहिलेल्या बाईचं कुंकू पुसतात, हे त्या बाईसमोर कसं सांगणार? आणि मागं राहिलेल्या पुरुषासाठी तर काहीच करत नाहीत. त्याला जेवायला वाढतात आणि लवकर झोपा म्हणतात.

सरदाराची बाजू

मार्गारेटनीच विषय बदलला आणि पाटीवर नसलेली गोष्ट सांगितली. बायको गेल्यावर सरदारानं कारागिरांना दोघांचीही मूर्ती करायला सांगितली. तो जिवंत असतानाच त्याची मूर्ती तिच्या शेजारी निजली. त्याची बसायची जागा चर्चमध्ये समोरच असावी. म्हणजे दर रविवारी तो स्वतःलाच तिच्याजवळ झोपलेलं बघत असणार.

"अशुभ नाही वाटलं?" मी विचारलं.

"मला वाटतं, त्याला धीर येत असेल," मार्गारेट म्हणाल्या.

चौथऱ्याच्या कडेनं लॅटिनमध्ये लेख कोरलेला आहे. त्यांनी बोट ठेवून दाखवला. इथे बाईचं नाव, इथे ती गेली ते साल. मग सरदाराचं नाव, आणि तो गेला ते साल जिथे यायचं तिथे कोरा दगड. हातभर जागा, घासून गुळगुळीत केलेली, रिकामी. तो दूर कुठेतरी मेला. फ्रान्समध्ये, असं म्हणतात. मुलगा होता. पण मुलानं साल कोरलं नाही. कामात राहून गेलं असेल, विसरला असेल, कोणाला ठाऊक. सरदार त्या चौथऱ्याखाली आहे की नाही हेही कोणाला माहीत नाही.

मी त्या कोऱ्या जागेकडे, हात न लावता, वाकून बघितलं. आणि मला तीन बाय तीन फुटांचा माझाच नकाशा दिसला. बाबांनी तो घडी करून खिशात का ठेवला ते कळलं. मी एका माणसाचा ओटा काढला होता. चारी बाजू बंद. नंतर कधी बाबांची वेळ आली तर त्यांचा दुसरा होईल, जिथे जागा असेल तिथे, बहुतेक विहिरीच्या बाजूला. भावाला बगिच्यात आणखी झाडं लावायची आहेत, हेही बाबांनी ऐकलेलं. मायच्या शेजारी मला जागा ठेवा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आणि आमच्याकडे हे कोणी बोलत नाही. जित्या माणसाची समाधी म्हटलं तर मिस्त्री थापी खाली ठेवेल, भाऊबंद धावून येतील. बापानं मागावं तर मुलाच्या काळजाला घोर लावल्यासारखं, आणि मुलानं विचारावं तर बापाच्या मरणाची वाट पाहिल्यासारखं.

त्या रात्री मी शोभाला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग विचारू नका. बांधा."

"बांधायच्या आधी त्यांना दाखवावं तर लागेल ना."

"बाकासारखं दाखवा," ती म्हणाली. जी बाकावर बसली नव्हती, तिनं हे सांगितलं.

निघण्याच्या दिवशी शोभानं मार्गारेटना संत्रा बर्फी दिली आणि हाताला धरून मराठीत काहीतरी बोलली. बाईंनी मान हलवली. मी नंतर विचारलं, काय म्हणालीस? शोभा म्हणाली, "म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर घरी जाऊन शोधतो."

चांदूर बाजारच्या पुढं

परत आलो तेव्हा पेरणी चाललेली. काळ्या मातीत पावसाळ्यात पाया धरत नाही, म्हणून बांधायचं काम दसऱ्यावर गेलं. पण बाबांशी बोलणं मी पहिल्याच रविवारी उरकलं. ते मायच्या धोंड्यांजवळ, निंबाखाली उकिडवे बसले होते. विमान कसं होतं, पोरगी बारीक झाली का, तिकडे गायी केवढ्या, सगळं विचारून झालं. त्या सरदाराची हकिगत मी मुद्दामच सांगितली नाही. कुंकवाचं सांगितलं. ते पोट धरून हसले. "मायी सून सायबाच्या बाईले कुंकू लावून आली," असं त्यांनी गड्यालाही सांगितलं.

मग मी म्हणालो, "बाबा, ओटा तीन बाय तीन नाही करत. सहा बाय तीन करू म्हणतो."

ते माझ्याकडे वळले नाहीत. "एकटीले एवढा मोठा कायले?"

"अर्ध्यात दगड आणि नाव. अर्धा मोकळा. बसायला."

"कोणाले बसाले?"

"तुम्ही इथे उकिडवे बसता, गुडघे दुखतात. तुम्हालाच."

निंबावर पाखरं होती. बाबांनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, हात झटकले.

"सहा नोको," ते म्हणाले. "साडेसहा कर. मले पाय लांब करून बसा लागते."

मी साडेसहा लिहून घेतलं.

दसऱ्यानंतर मिस्त्री आला. खाली मुरूम भरला, कडेनं दगड लावले. भावानं एकदा विचारलं की एवढा लांब कशाला, आणि बाबाच त्याला म्हणाले की शेतात एक धड बसायचं ठिकाण नाही. मायच्या बाजूला काळा दगड बसवला, त्यावर तिचं नाव. मिस्त्रीनं मोकळ्या बाजूवर हात फिरवून विचारलं, इकडे काही कोरायचं का, ओम, फूल, काही?

बाबा म्हणाले, "राहू दे तसंच. गुळगुळीत कर फक्त."

दरम्यान प्राजक्ताचा फोन आला. तज्ज्ञ मंडळी येऊन पाहून गेली. त्यांनी सांगितलं की घासू नका, काळानं जाईल. मार्गारेट म्हणतात, रविवारी ऊन खिडकीतून आलं की बाई जरा लाजल्यासारखी दिसते.

वर्षश्राद्धाला सगळे जमलो. बगिच्यात संत्री पिवळी पडायला लागली होती. शोभानं मायच्या दगडाला हळद-कुंकू लावलं. मग थांबली, झाडाचं एक संत्रं तोडून आणलं आणि ते मोकळ्या अर्ध्यावर ठेवलं. नैवेद्य नव्हता तो, नुसतं ठेवलं. पाहुणे जेवायला घराकडे वळले. मी शेवटचं सामान उचलायला मागं राहिलो.

बाबा काठी टेकवत आले. ओट्यावर बसले, पाय लांब केले, टाचा बरोबर कडेला टेकल्या. मी माप पाहिलं, बरोबर होतं. त्यांनी संत्रं सोललं, अर्धं स्वतः खाल्लं, अर्ध्याच्या फोडी मायच्या दगडावर ओळीनं मांडल्या आणि मला म्हणाले, "तू जा जेवाले. मी बसतो थोडा."